तोमोयोशी मुरायामा : कलावंत आणि राजसत्ता

चित्रकाराने चित्रे काढावीत, नटाने रंगभूमी सांभाळावी आणि इमारतींचा विचार वास्तुशिल्पज्ञाने करावा, अशी कामाची वाटणी समाजाने करून ठेवली आहे. जपानचे तोमोयोशी मुरायामा यांनी ती कधीच मानली नाही. चित्रकार, नर्तक, नेपथ्यकार, नाटककार, दिग्दर्शक आणि कादंबरीकार अशा अनेक नात्यांनी ते वावरले. तथापि त्यांचे चरित्र केवळ कलेच्या इतिहासात मावणारे नाही. राजसत्तेच्या दडपणाखाली कलावंताची कशी कसोटी लागते, हेही त्यातून दिसते.

१९०१ साली तोक्योत जन्मलेल्या मुरायामांनी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकण्यास प्रारंभ केला. परंतु ते शिक्षण अर्धवट सोडून १९२२ मध्ये ते बर्लिनला गेले. महायुद्धात पराभूत झालेल्या त्या देशात कलेचे जुने संकेत कोसळत होते. निडी इम्पेकोव्हन या तरुण नर्तिकेच्या नृत्याने ते भारावून गेले. १९२३ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी समविचारी तरुणांसह 'मावो' हा गट स्थापन केला. लाकूड, कापड यांसारख्या साध्या वस्तू जोडून ते कलाकृती घडवू लागले आणि स्वतः रंगमंचावर नृत्यही करू लागले.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला झालेल्या भूकंपाने आणि आगीने तोक्यो उद्ध्वस्त केले. एक लाखाहून अधिक माणसे दगावली. उद्ध्वस्त शहरात तात्पुरत्या बांधलेल्या दुकानांच्या दर्शनी भागांवर या तरुणांनी रंगकाम केले. प्रदर्शनाच्या दालनातील कला अशा रीतीने रस्त्यावर आली. १९२४ च्या अखेरीस त्सुकिजी येथील छोट्या नाट्यगृहात जॉर्ज कायझर यांच्या नाटकासाठी मुरायामांनी अनेक मजली लाकडी नेपथ्य उभारले. नाटकातील निरनिराळी स्थळे त्यात एकाच वेळी प्रेक्षकांसमोर उभी होती. जपानच्या आधुनिक रंगभूमीला या नेपथ्याने नवी दृष्टी दिली. याच हातांनी त्यांनी पत्नी काझुको यांच्या बालकथांना चित्रे काढली आणि त्यांखाली 'टॉम' अशी सही केली.

१९२५ साली जपानमध्ये पंचवीस वर्षांवरील पुरुषांना मताधिकार मिळाला आणि त्याच साली विचारांवर पहारा ठेवणारा शांतता संरक्षण कायदाही आला. कामगारांच्या रंगभूमीकडे वळलेल्या मुरायामांना १९३० मध्ये अटक झाली. पुढील वर्षी ते बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि १९३२ मध्ये पुन्हा गजाआड गेले. अखेर आपल्या मतांचा त्याग जाहीर करून त्यांनी सुटका करून घेतली. हा पराभव त्यांनी लपविला नाही. १९३४ मधील 'ब्याकुया' या कथेत मत बदललेल्या माणसाच्या मनातील शरम त्यांनी मांडली.

त्याच वर्षी त्यांनी 'शिंक्यो' ही नाट्यसंस्था उभी केली. परंतु एवढ्या शरणागतीनेही राज्यकर्त्यांचे समाधान झाले नाही. १९४० मध्ये ही संस्था सक्तीने विसर्जित करण्यात आली आणि मुरायामांना पुन्हा अटक झाली. मतांचा त्याग करूनही रंगभूमी सोडली नाही, हाच जणू त्यांचा अपराध ठरला.

युद्धानंतर ते पुन्हा नाटकाकडे वळले. १९६० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'शिनोबी नो मोनो' या कादंबरीत त्यांनी प्राचीन हेरांची कथा सांगितली. त्यांचे हेर अद्भुत शक्तीचे पुरुष नाहीत. वरिष्ठांनी वापरून फेकून दिलेली ती सामान्य माणसे आहेत. १९६२ मध्ये सात्सुओ यामामोतो यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट लोकप्रिय झाला. सत्तेच्या हातातील हत्यार होणे म्हणजे काय, हे तुरुंग पाहिलेल्या लेखकाला ठाऊक होते.

१९७७ साली मुरायामा निधन पावले. त्यांना निष्कलंक वीर म्हणता येणार नाही. परंतु भ्याड म्हणणे तर अन्यायाचेच होईल. एका कलेचा दरवाजा बंद झाला की ते दुसरीचा उघडत गेले. मन वाकले तरी हात थांबू दिले नाहीत, हे त्यांचे खरे श्रेय होय.