नगरच्या मुलांना येशू मराठीत सांगणारा कवी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती बायबल आले, ते वयाची तिशी उलटल्यावर. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. मात्र, तोवर त्यांचा पिंड घडून गेला होता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन घरात जन्म, काव्याची ओढ असलेली आई, नाशिकमधील संस्कृत अध्ययन आणि संतवाणीची गोडी ही त्यांची शिदोरी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, बाळपणी घडलेला कान बदलला नाही.

या कानाची खरी कसोटी लागली ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ पासून काम चालवले होते. 'ज्ञानोदय' पत्राचा जन्मही १८४२ साली येथलाच. दुष्काळांच्या काळात जिल्ह्यातील अनेक दलित कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांची मुले शब्बाथशाळेत दावीद आणि गल्याथ, योसेफ आणि त्याचे भाऊ यांच्या गोष्टी ऐकत वाढत होती. गोष्टी गोड, पण प्रार्थनेतल्या कित्येक चाली परक्या. येशू आपला म्हणावा, तर मराठीपण सोडावे लागेल काय, हा पेच या मुलांपुढे होता. टिळकांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी अभंग रचले, ओव्या रचल्या, टाळ-वीणा घेऊन ख्रिस्ती कीर्तने केली. 'फुलामुलांचे कवी' ही ख्याती त्यांना उगाच मिळाली नाही. त्यांची गीते 'उपासना संगीत'मधून आजही गायली जातात.

हा पेच त्यांच्या घरातही होता आणि तेथे तो अधिक बोचरा होता. धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहिल्या. धाकटा दत्तू आईबरोबर विठोबाच्या पंढरपुरात राहिला आणि मग नगरला वडिलांच्या ख्रिस्ती घरात आला. १९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पित्याच्या धर्मनिष्ठेची किंमत या लेकराने काही वर्षांच्या ताटातुटीने मोजली, हे चरित्र लिहिताना दृष्टीआड करता येत नाही.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. परकीय छापाचा ख्रिस्ती धर्म त्यांना पुरेसा वाटत नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन' जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत पोहोचले होते. एकेकाळी अक्षर गिरवताना कष्टलेल्या लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्याही गेल्या. अखेरचा अध्याय लिहिला तो देवदत्त टिळकांनी, म्हणजे पंढरपूरहून नगरला आलेल्या त्या दत्तूने.