काचबिंदूवर पहिला इलाज शोधणारा डॉक्टर, ज्याला मिळाली फक्त ४२ वर्षं

काचबिंदू झाला म्हणजे नजर जाणार, असं १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले डॉक्टरही धरून चालायचे. हे चित्र बदललं बर्लिनच्या एका तरुण डॉक्टरनं. त्यांचं नाव अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे.

ग्रेफे यांचा जन्म २२ मे १८२८चा. वडील नामांकित सर्जन होते, पण अल्ब्रेख्त १२ वर्षांचे असतानाच ते वारले. वैद्यकीय पदवी घेतल्यावर ग्रेफे प्राग, पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडनमध्ये डोळ्यांचे उपचार शिकले. परत येऊन त्यांनी बर्लिनमध्ये डोळ्यांचा दवाखाना सुरू केला. तिथे गरिबांवर मोफत उपचार व्हायचे.

त्याच सुमारास, १८५१मध्ये हेल्महोल्ट्झ यांचं नवं उपकरण आलं. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला भाग पहिल्यांदाच नीट दिसू लागला. काचबिंदूत दृष्टीच्या नसेचं टोक फुगतं, असं ग्रेफे यांनी आधी लिहिलं. ते फुगलेलं नसून खोलगट होतं, हे लक्षात येताच त्यांनी ते जाहीरपणे दुरुस्त केलं. डोळ्यातला दाब नसेला मागे ढकलतो, हे कोडं सुटत गेलं.

मग हा दाब कमी कसा करायचा? ग्रेफे यांनी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून काढला. अचानक उद्भवणाऱ्या काचबिंदूत दाब उतरला, नजर वाचली. १८५७मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया जगासमोर मांडली.

पण हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूत तिचा तितका उपयोग होत नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं. त्यावर उत्तर शोधायला फार वेळ मिळाला नाही. २० जुलै १८७० रोजी क्षयानं त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४२.

आज अचानक उद्भवणाऱ्या प्रकारात पडद्याला लेझरनं बारीक छिद्र पाडतात. मूळ कल्पना ग्रेफे यांचीच. औषधं आणि शस्त्रक्रियांनंतरही दाब आटोक्यात येत नसेल, तर वेगळा लेझर वापरतात. डोळ्यातलं पाणी जिथे तयार होतं, त्या भागाचा थोडा अंश तो निकामी करतो. पाणी कमी, म्हणून दाबही कमी. कधी तो पुन्हा करावा लागतो.

एक मर्यादा मात्र ग्रेफे यांच्या काळात होती तीच आजही आहे. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. म्हणून तपासणी लवकर झालेली बरी.