लेफ्टनंट जनरल झालेला कारखानदार

मार्च २०२०मध्ये करोनाच्या धास्तीत अमेरिकी सरकारनं १९५०च्या एका कायद्याच्या आधारे जनरल मोटर्सला व्हेंटिलेटर बनवण्याचा हुकूम सोडला. (कंपनीनं ते काम आधीच हाती घेतलं होतं, ही गोष्ट वेगळी!) ती बातमी वाचताना मला आठवले ते याच कंपनीचे एकेकाळचे अध्यक्ष विल्यम क्नुडसेन.

क्नुडसेन मूळचे कोपनहेगनचे. १९००मध्ये विशीतला हा पोरगा न्यूयॉर्कला उतरला, गोदीत राबला, मग बफेलोच्या एका कारखान्यात लागला. तो कारखाना फोर्डनं विकत घेतला आणि क्नुडसेनांना मोटारधंद्याची दारं उघडली. पुढे हेन्री फोर्डशी पटेना. १९२१मध्ये ते बाहेर पडले, जनरल मोटर्समध्ये गेले आणि त्यांच्या शेवरोलेनं १९२७मध्ये फोर्डलाच मागं टाकलं!

मे १९४०. फ्रान्स कोसळत होता. अध्यक्ष रूझवेल्टनी बोलावताच गलेलठ्ठ पगार सोडून एकसष्टीचे क्नुडसेन वॉशिंग्टनला बिनपगारी रुजू झाले. सप्टेंबरात कायदा झाला: सरकारची मागणी आधी पुरवायची; नकार दिलात तर कारखाना सरकारजमा. पण क्नुडसेनांचा भरवसा दंडुक्यापेक्षा टेलिफोनवर. क्रायस्लरच्या प्रमुखांना त्यांनी रणगाडे बनवाल का, म्हणून विचारलं आणि १९४१मध्ये डेट्रॉईटजवळच्या नव्याकोऱ्या कारखान्यातून रणगाडे बाहेर पडू लागले. ब्रिटनसाठी विमानांची इंजिनं करायला फोर्डनं नकार दिला, तेव्हा ते काम पॅकार्डला मिळालं.

मला त्यांची दुबळी बाजूही इथंच दिसते. मोटार कारखान्यांची रिकामी यंत्रं विमानांना जुंपा, असा आग्रह कामगार पुढारी वॉल्टर रूथर यांनी धरला होता. क्नुडसेनांना तो पटला नाही. १९४१ सरत आलं तरी मोटारी निघतच होत्या. कालपर्यंतच्या सोबत्यांवर सक्ती करायला त्यांचा हात धजावला नसावा. पर्ल हार्बरनंतर, फेब्रुवारी १९४२मध्ये, खासगी मोटारींचं उत्पादन सरकारी हुकमानंच थांबलं.

त्याआधी महिनाभर रूझवेल्टनी सारी सूत्रं डोनाल्ड नेल्सनकडे सोपवली होती. आपलं पद गेल्याचं क्नुडसेनांना कळलं ते टेलिप्रिंटरवर आलेल्या बातमीतून. वीस महिने फुकट राबलेल्या माणसाला एवढंही कुणी समोर बसवून सांगू नये? त्यांना फार लागलं. मग त्यांना एकदम लेफ्टनंट जनरल केलं गेलं. एवढ्या हुद्द्यावर थेट नेमलेला नागरिक अमेरिकी लष्करानं तोवर पाहिला नव्हता. राग गिळून त्यांनी गणवेश चढवला आणि १९४५पर्यंत गावोगावचे कारखाने पालथे घातले. काम कुठं अडलंय ते शोधायचं, मार्ग काढायचा आणि पुढचं गाव गाठायचं. एप्रिल १९४८मध्ये डेट्रॉईटला ते गेले.