भटजींनी पाहिलेले युद्ध

युद्धाची पुस्तके बहुधा जिंकणारे लिहितात. सेनापती आठवणी लिहितात, मुत्सद्दी आपली बाजू सावरतात. मराठीत मात्र सत्तावनच्या धुमश्चक्रीची सर्वांत जिवंत हकिकत लिहून ठेवली ती दक्षिणा मिळवायला घराबाहेर पडलेल्या एका गरीब भिक्षुकाने. त्यांचे नाव विष्णुभट गोडसे आणि पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’.

विष्णुभटांचा जन्म १८२७ चा, पेणजवळच्या वरसईचा. घरी कर्ज होते आणि मिळकत बेताची. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असून दानधर्माला लाखो रुपये खर्चणार असल्याची वार्ता कोकणात पोहोचली आणि तिशीच्या विष्णुभटांनी काका रामभटांसह उत्तरेची वाट धरली. साल होते १८५७. त्याआधी वर्षभरच कल्याणहून बदलापूरवरून खोपोलीपर्यंत आगगाडी सुरू झाली होती. पण बोरघाट चढायला तिला १८६३ उजाडावे लागले. घाटापलीकडचा देश अजून पायी आणि बैलगाडीनेच तुडवायचा होता. महूच्या आसपास त्यांना बंडाची चाहूल लागली. परत फिरावे असे कोणालाही वाटले असते. हे काका-पुतणे मात्र पुढे गेले.

पुढे धार, उज्जैन, ग्वाल्हेर करीत ते झाशीला पोचले आणि तिथेच अडकले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. तात्या टोप्यांची कुमक बेतवेकाठी उधळली गेली, ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात घुसली आणि लुटालूट व कत्तल सुरू झाली. विष्णुभट त्या वेळी शहरात होते. त्यांनी तोफगोळ्यांनी पेटलेली घरे पाहिली, रस्त्यांत पडलेली प्रेते पाहिली, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण पाहिली. जवळची पुंजी लुटली गेली. पण त्याच माणसाने राणी लक्ष्मीबाईंचा चैत्रातला हळदीकुंकवाचा समारंभ, त्यांची पूजाअर्चा, त्यांचा पोषाखही तितक्याच बारकाईने टिपला. पुढे काल्पीच्या वाटेवर तहानलेल्या, धुळीने माखलेल्या राणीची गाठ पडली, तीही हकिकत त्यांनी लिहिली आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला घोड्यावरची राणी भेटते. विहिरीपाशी थांबलेली राणी भेटते ती या भिक्षुकामुळे.

कमाई करायला निघालेले विष्णुभट काशीचे गंगाजल कावडीतून घेऊन, आईवडिलांना त्याचे स्नान घालण्यासाठी घरी परतले. धन म्हणावे असे हाती फारसे नव्हते. जे होते ते डोक्यात होते, आणि तिथेच ते पंचवीसेक वर्षे राहिले. ते कागदावर आले ते एका कल्याणकरामुळे. चिंतामण विनायक वैद्य, पुढे भारताचार्य म्हणून गाजलेले इतिहासकार, तेव्हा जेमतेम बाविशीचे होते. गोडशांकडे वैद्यांचे उपाध्येपण होते. वैद्यांनी आग्रह केला आणि १८८३ साली विष्णुभटांनी सारे लिहून काढले. इंग्रजी अमलात असे पुस्तक छापणे धोक्याचे होते. वैद्यांनी ते लेखकाच्या पश्चात, १९०७ साली प्रसिद्ध केले, तेही बरीच काटछाट करून, भाषेवर हात फिरवून. मूळ पोथी त्यांनी पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवली आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ती जशीच्या तशी वाचकांपुढे ठेवली.

या पुस्तकात चुका नाहीत असे नाही. ऐकीव गोष्टी आहेत, तारखांचे घोळ आहेत, त्या काळच्या ब्राह्मणाचे सोवळेओवळे आणि ग्रह आहेत. तरी मला ते अनेक जाडजूड युद्धग्रंथांहून मोलाचे वाटते. भीती वाटली तिथे भीती वाटली असे विष्णुभट सांगतात. शौर्याचा आव आणत नाहीत.

मी बदलापूरचा. माझ्या रोजच्या वाटेवर अंबरनाथ लागते, उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभी राहिली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर सोडताना काय उचलले, काय मागे राहिले, वाटेत कोण भेटले, हे त्या पिढीने सोसले आणि मुलाबाळांना थोडेफार सांगितले. ती पिढी आता झपाट्याने ओसरते आहे. फाळणीवर ग्रंथ पुष्कळ झाले, पण एकेका बराकीतली हकिकत त्यांत कुठून येणार?

विष्णुभट लेखक नव्हते. लिही म्हणणारे कोणी भेटले म्हणून ते लेखक झाले. वैद्यांनी तो एक आग्रह धरला नसता, तर झाशीतले ते दिवस वरसईच्या एका घरातच विझून गेले असते. आपल्या आळीत, आपल्या इमारतीत असा एखादा वृद्ध साक्षीदार असेल तर त्याच्यापाशी वही घेऊन बसायला फार विद्वत्ता लागत नाही. वैद्यही तेव्हा विद्वान म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांना फक्त वेळेवर विचारायचे सुचले.