दौलत आणि खासगी : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची पुण्यतिथी. त्या दिवशी बाईंनी उभारलेल्या देवालयांची व घाटांची नावे सर्वत्र आदराने घेतली जातात. परंतु इतका पैसा आला कोठून, आणि तो देवाकडे वळविण्याचा बाईंना अधिकार कोणता, हे सहसा कोणी विचारीत नाही. देवस्थानाचा जमाखर्च ज्यांच्या देणग्यांवर चालतो त्या आमच्या सभासद कुटुंबांना तरी हा प्रश्न अगत्याचा वाटेल, म्हणून बाईंच्या चरित्राची ही एक बाजू आम्ही येथे मांडीत आहोत.

बाईंचा जन्म इ. स. १७२५ मध्ये चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. १७३३ मध्ये त्या सुभेदार मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामी आले, आणि सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी मोठ्या कष्टाने परत फिरविले. त्यानंतर सुभेदार मोहिमेवर असता मागील व्यवस्था सुनेकडे येऊ लागली. तोफखाना कोठे न्यावा, दारूगोळ्याची तजवीज कशी करावी, वाटेवर चौक्या कोठे बसवाव्या, अशा सूचना सासऱ्याने सुनेस पत्रांतून धाडलेल्या आहेत. पैसा कोठून येतो व कोठे जातो याचे शिक्षण बाईंना मिळाले ते असे, फौजेच्या पिछाडीस बसून.

होळकरांच्या घरात पैशाचे दोन ओघ होते. एक दौलतीचा, म्हणजे सरंजामाच्या महालांचा वसूल. त्यावर फौज व कारभार चालावयाचा. दुसरा खासगीचा. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र खासगी जहागीर दिली होती. तिचे उत्पन्न घरच्या स्त्रीचे, तीवर सुभेदारांचाही हात नाही. १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्या आणि ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे जी माहिती गोळा केली, तीप्रमाणे बाईंच्या खासगीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४ लाख रुपये होते. बाईंचा सारा दानधर्म समजून घ्यावयाचा तर हा भेद प्रथम ध्यानी धरला पाहिजे.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. पाठोपाठ १७६७ मध्ये पुत्र मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत दत्तक मुलास गादीवर बसवून कारभार आपल्या हाती ठेवण्याचा होता. राघोबादादा त्यांच्या पाठीशी होते. बाईंनी तो मानला नाही, आणि माधवराव पेशव्यांनी बाईंचा पक्ष उचलला. या प्रसंगाशी एक आख्यायिका जोडलेली आहे. दादांनी द्रव्याची मागणी करताच बाईंनी खजिन्यावर तुळशीपत्र व उदक सोडून तो धर्मकार्यास वाहिला, आणि हवा असल्यास ब्राह्मण या नात्याने दान म्हणून घ्यावा, असा निरोप पाठविला. लोक ही गोष्ट बाईंच्या चातुर्याची म्हणून सांगतात. आम्हांस तीत हिशेबाची गोष्ट अधिक दिसते. तुळशीपत्र ठेवताच तो पैसा दुसऱ्या सदरी गेला. तेथून तो लढाईसाठी उचलणे दादांना शक्य नव्हते, तसे बाईंनाही राहिले नाही.

फौजेचे आधिपत्य तुकोजी होळकरांकडे दिले गेले आणि बाई महेश्वरी राहून राज्य पाहू लागल्या. दोघांत खटके उडत, ते बहुधा पैशावरूनच. तुकोजींनी मोहिमेवरून रक्कम मागावी, बाईंनी आधीच्या रकमेचा व वसुलाचा हिशेब मागावा, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. यात तुकोजींची अडचण अगदीच खोटी नव्हती. मोहिमेवरच्या फौजेस पगार वेळेवर हवा असतो. शिपायास कीर्दखतावणी दाखवून चालत नाही. तथापि कारभाराचा व शिबंदीचा खर्च भागवून दौलतीची जी शिल्लक राही, ती बाई फौजेकडेच रवाना करीत, आणि तिचे हिशेब अत्यंत काटेकोर असत, अशी माल्कमची नोंद आहे.

बाईंचा दिवस पहाटे पूजेने सुरू होई. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार. रात्री फराळानंतर पुन्हा कामकाज. कारभारी त्या वारंवार बदलीत नसत; गोविंदपंत गानू हे वीस वर्षांहून अधिक काळ त्यांचे मुख्य कारभारी होते. दप्तर माहीत असलेला माणूस टिकला म्हणजे दप्तरही शाबूत राहते.

इंदूरचा सावकार देवीचंद निपुत्रिक वारला, तेव्हा तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. विधवा महेश्वरास आली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना इंदुराहून तळ हलविण्यास कळविले. बेवारस धन सरकारजमा करण्याची त्या काळी सर्रास चाल होती. तशी जमा बाईंना नको होती. खरगोणकडील सावकारांच्या विधवांनी आपण होऊन संपत्ती देऊ केली, तीही त्यांनी घेतली नाही; लोकोपयोगी कामास लावा, असे सुचविले.

काशी विश्वेश्वराचे आजचे देवालय (१७८०), सोमनाथाचे नवे देवालय (१७८३), गयेचे विष्णुपद (१७८७), वेरूळचे घृष्णेश्वर, दक्षिणेतील देवस्थानांना दरसाल जाणाऱ्या गंगेच्या कावडी, ही बहुतेक कामे होळकरांच्या राज्याबाहेरची. ती दौलतीच्या वसुलातून केली असती तर माळव्यातील रयतेने विचारले असते, की आमच्या साऱ्यातून काशीस दगड का चढावा? खासगीस तो प्रश्न लागू पडत नव्हता.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई महेश्वरी निवर्तल्या. पुढे दौलतीवर काय काय ओढवले ते सर्वांस ठाऊक आहे. खासगीचे सदर मात्र मिटले नाही. १९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्यभारतात विलीन झाले. खासगीची मिळकत सरकारकडे गेली, तेव्हा तिच्या मोबदल्यात धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे तोडून देण्याचे ठरले. १९६२ मध्ये त्यासाठी न्यास स्थापन झाला, आणि हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदला जावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.