कारकून फ्लेमिंग

अलेक्झांडर फ्लेमिंग डॉक्टर होण्यापूर्वी लंडनच्या एका जहाज कंपनीत चार वर्षे कारकून होता. माझी उमेद बँकेच्या लेजरांत गेल्यामुळे असेल, पण त्याच्या चरित्रातले हे पान मला फार जवळचे वाटते. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याच्या घरी १८८१ साली जन्मलेला हा मुलगा सातव्या वर्षी वडिलांना मुकला. पुढे काकांच्या वारशाचे थोडे पैसे हाती आले आणि कारकून सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यक शिकू लागला.

पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात, त्याने सैनिकांच्या जखमा चिघळताना पाहिल्या. खोल जखमांत जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या रक्षक पेशींनाच जास्त मारीत. जंतू मरावा आणि माणूस वाचावा, असे काही त्याला हवे होते.

१९२१ साली सर्दी झाली असताना त्याने नाकातला स्राव जंतूंवर टाकला. जंतू विरघळले. हे लायसोझाइम, आपल्या अश्रूंतही असणारे विकर, म्हणजे एन्झाइम. ते जंतूची भिंत फोडते. पण घातक जंतू त्याला फारशी दाद देईनात. १९२८ च्या सप्टेंबरात एका बशीत बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले दिसले. लोक याला नशीब म्हणतात. सात वर्षे तेच पाहण्यासाठी डोळे तयार झाले होते, हे विसरतात. त्या पेनिसिलीनचे औषध केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी. १९४५ चे नोबेल तिघांना मिळून लाभले.

पेनिसिलीन जंतूची भिंत बांधणाऱ्या विकराला जखडते, हे १९६५ साली उलगडले. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपण सुखरूप. पण जंतूही स्वस्थ नव्हते. पेनिसिलीन तोडणारे त्यांचे विकर १९४० सालीच सापडले होते.

नोबेलच्या व्याख्यानात फ्लेमिंगने एक कल्पित गोष्ट सांगितली. नवरा घसादुखीवर मनानेच अपुरे पेनिसिलीन घेतो. औषधाला सरावलेले जंतू बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही, ती मरते.

फ्लेमिंग १९५५ साली गेला. १९८१ साली ऑगमेंटिन बाजारात आले. त्यातले क्लॅव्हुलॅनिक आम्ल त्या तोडणाऱ्या विकरालाच अडकवते. जंतूंनी त्यावरही वाटा काढल्या. संशोधक आजही जंतूंच्या नव्या विकरांच्या मागावर आहेत. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतल्याचा अंदाज आहे.

आणि आपण? ताप आला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून दोन गोळ्या आणतो. अशा वेळी मला गोष्टीतली ती बायको आठवते. चूक नवऱ्याची होती, रक्कम मात्र तिच्या नावे पडली.