बांबूची दुर्बीण आणि शाळेतील बायबल : राजा सर टी. माधवराव

कुंभकोणम या नावातच सृष्टीच्या उत्पत्तीची एक कथा आहे. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे अमृतासह एका कुंभात ठेवली, तो कुंभ पाण्यावर तरंगत कावेरीकाठी येऊन थांबला, शंकराने बाणाने तो फोडला आणि जग पुन्हा अंकुरले, असे स्थलपुराण सांगते. आदिकुंभेश्वराचे मंदिर आणि दर बारा वर्षांनी भरणारा महामहम उत्सव या कथेशीच जोडलेले आहेत. याच नगरीत १८२८ मध्ये एका मराठी भाषक देशस्थ ब्राह्मण कुटुंबात माधवरावांचा जन्म झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून ते पुढे विख्यात झाले. सरकारी शाळेत जगाच्या उत्पत्तीविषयी काय शिकवावे आणि ते कोणी ठरवावे, या वादाची झळ मात्र त्यांना विद्यार्थिदशेतच जाणवली असणार.

हा वाद आजही शमलेला नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल १९२५ मध्ये एका शिक्षकावर खटला चालला. भारतात २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. माधवराव शिकत होते त्या काळी डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायचा होता. तेव्हा प्रश्न बायबलचा होता.

माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या अशा घराण्यांना पाश्चात्त्य विद्या अपरिचित नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी चक्क जगाचा नवा भूगोल घातला होता. मद्रास येथील सरकारी हायस्कूल १८४१ मध्ये सुरू झाले आणि केंब्रिजचे गणिती एयर बर्टन पॉवेल त्याचे मुख्याध्यापक झाले. माधवराव त्यांचे आवडते शिष्य. गणित आणि खगोलशास्त्र यांत त्यांना विशेष गती होती. बाजारात मिळणारी भिंगे बांबूच्या नळीत बसवून दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक तयार करण्याचा त्यांना छंद होता.

या शाळेत धर्मशिक्षण दिले जात नसे, आणि तेच मिशनरी वर्तुळात खटकत होते. १८४६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांनी सरकारी शाळांत बायबल हे पाठ्यपुस्तक म्हणून लावण्याचा प्रस्ताव मांडला. शहरात खळबळ उडाली. ‘क्रिसेंट’ पत्राचे संस्थापक गाजुलू लक्ष्मीनरसू चेट्टी यांच्या पुढाकाराने सभा झाली आणि हजारो हिंदूंच्या सह्यांचे निवेदन लंडनला रवाना झाले. कंपनीच्या संचालक मंडळाने १८४७ मध्ये हा प्रस्ताव फेटाळला. १८५४ च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने तर सरकारी संस्थांतील शिक्षण निव्वळ ऐहिक राहील, असे स्पष्टच केले. बायबल ग्रंथालयात ठेवावे, विद्यार्थ्याने आपणहून विचारले तर शिक्षकाने वर्गाबाहेर सांगावे, एवढीच मुभा राहिली. त्याच वर्षी कुंभकोणम येथे सरकारी शाळा निघाली. पुढे तिचेच महाविद्यालय झाले.

वाद ऐन भरात असताना, १८४६ मध्येच, माधवराव परीक्षा उत्तीर्ण झाले आणि काही काळ त्याच शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांपैकी विशाखम तिरुनाळ यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. ज्या लिनियन सोसायटीत १ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि वॉलेस यांचा निसर्गनिवडीवरील निबंध वाचला गेला, तिचे हे राजे पुढे फेलो झाले. आपल्याकडे ज्यापासून साबुदाणा होतो, तो टॅपिओकाचा कंद त्रावणकोरात रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

१८५८ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले. कर्ज फेडले, जाचक मक्तेदाऱ्या मोडल्या, रस्ते आणि शाळा काढल्या. हा भाग सर्वपरिचित आहे. पण त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीचा एक प्रसंग चरित्रकार बहुधा घाईने उरकतात. नाडार स्त्रियांनी उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे छातीवर वस्त्र घ्यावे की नाही, यावरून दक्षिण त्रावणकोरात दंगली उसळल्या. दिवाणांनी रूढीचा पक्ष धरला आणि नाडारांना जुना नियम न मोडण्याची ताकीद दिली. प्रत्येक जातीचे स्थान, तिचा पोषाखसुद्धा, जन्मतःच नेमून दिलेला आहे, या समजुतीला दुर्बीण घडवणाऱ्या या गणितज्ञाने त्या वेळी धक्का लावला नाही. अखेर गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांच्या दबावामुळे २६ जुलै १८५९ रोजी जाहीरनामा निघाला; त्यातही उच्चवर्णीयांसारखी पद्धत नको, ही अट कायम होतीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्विनचा ‘जीवजातींचा उगम’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

महाराजांशी बेबनाव झाल्याने १८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले. इंदूरला दोन वर्षे काढून १८७५ मध्ये ते बडोद्याला आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथून दत्तक आणलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना, म्हणजेच सयाजीरावांना, राजा म्हणून घडवायचे होते. १८८१ मध्ये माधवरावांनी त्यांना व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. राजसत्तेचे समर्थन त्यांनी दैवी अधिकारात शोधले नाही. प्रजेचे सुख हाच त्यांनी राज्यकारभाराचा पहिला नियम सांगितला. त्याच वर्षी बडोदा कॉलेज सुरू झाले. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते पाहण्यास मात्र दिवाण हयात नव्हते.

निवृत्तीनंतर माधवराव मद्रासला राहिले. शास्त्रवचनांचा शब्दशः अर्थ लावण्यास आणि बालविवाहास त्यांनी उघड विरोध केला, मुलांच्या संगोपनावर पुस्तक लिहिले आणि वृत्तपत्रांतून राजकारणापासून खगोलशास्त्रापर्यंत अनेक विषयांवर लेखन केले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा असून त्या चौकाला ‘स्टॅच्यू’ असेच म्हटले जाते.